दीनाबाईंच्या नावाखाली

१९९९ साली रोह्याच्या पोह्यांच्या गिरणीत गिऱ्हाइकाची ईमेल आली, की ती एका ठरलेल्या पत्त्यावर पुढे धाडायची. तिथे संगणक ती आपोआप त्या गिऱ्हाइकाच्या नावाखाली जपून ठेवी. हे काम पन्नाशीत अक्षरं शिकलेल्या गोदूबाईंचं. एके दिवशी इस्रायलहून दीनाबाई या जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाने, एझ्राने लिहिलं, "आई गेली. महिना भरला की तिच्या नावाने आमच्याकडचा गोड पोह्यांचा मलिदा करायचाय. ती कुठले पोहे मागवायची?" मालक प्रविण हळहळला. "मरणाचं पत्र घरात ठेवत नाहीत. पुसा. दीनाबाईंचं नावही काढा." गोदूबाई म्हणाल्या, "नाव नाय काढणार, शेठ. पोराला आईची पत्रं धाडते." दीनाबाईंच्या नावाखाली सतरा पत्रं निघाली, एकही हरवलं नव्हतं. गोदूबाई एकेक एझ्राला धाडू लागल्या. शेवटचं प्रविणने वाचलं: "पातळच पाठवा. जाड पोह्यांचा मलिदा माझा एझ्रा बाजूला सारतो." प्रविण म्हणाला, "गोदूबाई, हे मरणाचं पत्रही ठेवा. तुम्ही बाकीची जपलीत, तिथंच."