डेकवरची वाळू

पुंजाजीने होडीच्या डेकवर अनवाणी पाय ठेवला आणि तापल्या तव्यावर पडल्यासारखा लगेच उचलून घेतला.

"अरे बाप्पा! जानराव, हे काय केलं बे तुनं? पाय सोलून निघाला न माहा!"

जानराव काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. दाढीला पांढरा रंग लागून वाळला होता. "घसरला का पाय?" त्यांनी विचारलं.

"घसराले आधी टेकला तं पाह्यजे!"

पुंजाजी म्हणजे जानरावांचा लहानपणचा सोबती. सारा जन्म नळगंगेच्या धरणात मासे धरून त्याचे तळवे बैलाच्या खुरासारखे झालेले. त्याला टोचलं, मग बायकोचं, जनकाबाईंचं काय होणार? जानरावांचं तोंड उतरलं.

नौदलातून पेन्शनीत निघताना लोक कपाट आणतात, फ्रिज आणतात. जानरावांनी एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून मोताळ्याला आणली होती. लोक हसले, ते त्यांनी हसण्यावारी नेलं. पण मागच्या उन्हाळ्यात जनकाबाई पहिल्यांदा होडीत चढल्या आणि झिजून गुळगुळीत झालेल्या त्या डेकवरून अशा घसरल्या, की डबा पाण्यात, चप्पल पाण्यात आणि जनकाबाई चारचौघांत पाठीवर. नवऱ्याचा हात झिडकारून त्या उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "आता ह्या डोंग्यात पाय ठेवीन तं नाव बदला माहं!"

तेव्हापासून त्या डबा घेऊन यायच्या, त्या काठावरच्या आंब्याच्या सावलीपर्यंत. पुढे नाही.

तिला एकदा, फक्त एकदा धरणाच्या मधोमध न्यायचं, एवढंच जानरावांच्या मनात होतं. म्हणून तर त्यांनी सगळा डेक खरवडला, रंग दिला, ओल्या रंगावर वाळू पेरली आणि ती धरल्यावर वरून पुन्हा रंग मारला. पाय घसरू नये म्हणून बोटीवर असंच करतात. फक्त वाळू बारीक लागते. बारीक चाळणी घरात होती. पण मागितली असती तर कशाला हवी तेही सांगावं लागलं असतं. मग त्यांनी शेजारच्या बांधकामावरची जाळी आणली. ज्वारीएवढे खडे डेकवर बसले, आणि असे पक्के बसले की आता छिन्नीशिवाय निघायचे नाहीत. आज न्यायचंच म्हणून शीडसुद्धा सकाळीच बांधून ठेवलेलं.

"पुन्हा खरवड अन् पुन्हा कर," पुंजाजी म्हणाला. "दुसरं काय?"

"आता डबा येईन ना पण."

"मंग बोंबललं."

डबा आलाच. आंब्याखालून जनकाबाईंचा आवाज आला, "वजरी आणली का जी?"

न्हाणीतली टाचा घासायची वजरी झिजून आरशासारखी झाली होती. बाजारातून नवी आणा, म्हणून त्या कधीच्या मागे लागल्या होत्या. जानरावांनी जीभ चावली. "इसरलो."

"वाळू आणाचं नाही इसरले." त्यांची नजर होडीवर गेली होती. "अन् हे काऊन असं दिसून राह्यलं? घामोळं आल्यासारखं?"

पुंजाजी खो खो हसला. "पाय ठेवून पाहा, वहिनी. घसरत नाही, ग्यारंटी! फक्त सालटं निघते."

"मी नाही ठेवत पाय." असं म्हणत म्हणत जनकाबाई सावली सोडून होडीपाशी आल्या. वाकून त्यांनी डेकवरून तळहात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. "कशानं चाळली वाळू?"

"बांधकामाच्या जाळीनं."

"घरची चाळणी मांगाची ना."

"देली असती?"

जनकाबाईंनी खरोखरच विचार केला. "नसती देली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डबा आत ठेवला, होडीच्या कडेवर टेकल्या, चप्पल काढली आणि एक टाच हलकेच डेकवर घासली. खर्र. थांबल्या. पुन्हा घासली. भेगांमधून पांढरी भुकटी निघाली आणि जनकाबाईंच्या कपाळावरची आठी गेली.

"वहिनी, पाय ठेवला तुमी!" पुंजाजी ओरडला. "सांगा, आता नाव काय ठेवाचं?"

"पाय कुठी ठेवला? टाच घासून राह्यली मी." बोलता बोलता त्या आत सरकल्या, नीट मांडी ठोकून बसल्या, पदर खोचला आणि जोरात घासू लागल्या.

वारा सुटला. शिडाने अंग झाडलं, होडी जरा हलली. जनकाबाईंनी एका हाताने होडीची कड धरली, दुसऱ्या हाताने घोटा. घासणं काही थांबलं नाही. जानराव खुंट्यापाशी गेले, दोरी हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. विचारावं, तर उठून चालू लागेल. न विचारता सोडावी, तर जन्मभर ऐकवेल. पुंजाजी मागून हातवारे करत होता, पण जानरावांच्याने गाठ सुटेना.

जनकाबाईंनी टाचेवरून बोट फिरवून पाहिलं. मनासारखी झाली होती. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दोरी धरून काय उभे राह्यले जी? सोडा ना. दुसरी टाच राह्यलीच आहे, तवरोक जाऊन येऊ."