चांगल्या ठिकाणचा नमुना

टाकीतलं पाणी पिण्यालायक नाही, असा निकाल आमच्या प्रयोगशाळेत लागला. मग तो लागलाच नाही, असं ठरलं.

"पाणी झकास आहे रे, तुझा नमुनाच खराब होता," साहेब म्हणाले. "दुसरा आण. जरा चांगल्या ठिकाणचा."

मी साहेबांच्या टेबलावरच्या विकतच्या बाटलीतून भरला. पास झाला. गावाला पाणी सुटलं.

मी धावत जाऊन घरी फोन लावला. "नळाचं पाणी पिऊ नका!"

"काहीतरीच काय! पाणी शुद्ध असल्याचा मेसेज आलाय, खाली तुमचंच नाव आहे," बायको हसली. "छकुलीने पेलाभर पिऊनसुद्धा टाकलं."

मी अर्ज लिहायला घेतला: महोदय, माझ्या मुलीने प्राशन केलेले पेलाभर पाणी, तिला अपाय होण्यापूर्वी, टाकीत परत घेण्यात यावे, ही नम्र विनंती.