सतरावा मणी

आई एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात ॲसिडची बाटली घेऊन उभी होती. लेक बाथरूमच्या दारात दोन्ही हात पसरून आडवी.

"सरक," आई म्हणाली.

"आठ दिवस. फक्त आठ दिवस मोरी घासायची नाही."

लेक संग्रहालयात माश्यांवर काम करायची. दहा वर्षं ती रानोमाळ हिंडली होती. जळवा चिकटवून घेतल्या, दोनदा घोटा मुरगळून घेतला, आणि दर वेळी हाती आलेल्या माशीला कुणीतरी आधीच नाव देऊन मोकळं झालेलं असायचं. आणि गेल्या सोमवारी दात घासता घासता समोरच्या फरशीवर तिळाएवढी केसाळ माशी दिसली. तोंडातला फेस तसाच ठेवून तिने त्या माशीवर पेला पालथा घातला. सूक्ष्मदर्शकाखाली ती कुठल्याच वर्णनात बसेना. का बसेना, हेही नेमकं सांगता येईना. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन मिळाल्या. तिन्ही नर निघाले. मादी मिळाल्याशिवाय लेख पाठवायचा नाही, असं वरिष्ठांनी बजावलं होतं, म्हणून ही दारातली नाकेबंदी.

आईचं दुखणं वेगळंच होतं.

"कुठे सापडली म्हणून लिहिणार आहेस?"

"आपल्या मोरीत."

"बागेत लिही."

"आई, जागा खोटी लिहिली तर उद्या कुणी शोधायला गेलं, तर त्याला ती मिळायची नाही. आमच्या कामात याहून मोठी लबाडी नाही."

"म्हणजे माझ्या मोरीत माश्या होतात हे जगभर छापून येणार," आई म्हणाली आणि ब्रश घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली.

आईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं आणि चाळीस वर्षं घर आरशासारखं ठेवलं. समोरच्या वहिनी आल्या की बोलता बोलता खिडकीच्या कडेवरून सहज बोट फिरवायच्या. ते बोट आजवर कधी मळलं नव्हतं. वहिनींना हे कळलं तर, या विचाराने आई खिडकीची कड दिवसातून तीनदा पुसू लागली. लेकीला तिची दया येत होती. पण ती दारातून हलली नाही.

न घासलेल्या मोरीचे दिवस आईने कसेबसे काढले. लेक जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून माशीचं चित्र काढायची आणि आई तिकडे पाठ करून काजं करत बसायची. सहाव्या दिवशी लेक चहा टाकायला उठली. परत येऊन बघते तर आई भिंगाला डोळा लावून बसलेली.

"मिशीत मणी ओवल्यासारखे दिसतात गं."

"दिसतात ना."

"मग तू कमी का काढलेस?"

"कमी कुठे? सोळा आहेत. या सगळ्या खानदानालाच सोळा असतात."

"खानदानाला असतील. हिला सतरा आहेत. शेवटचा बारीक आहे, दोऱ्याच्या गाठीएवढा."

लेकीने मोजले. मग दुसऱ्या माशीचे मोजले, मग तिसऱ्या. सगळीकडे सतरा. सोळाच असणार म्हणून तिने एकदाही मोजले नव्हते. तिची माशी कशात वेगळी होती, ते काजं करणाऱ्या बाईने बसल्या बसल्या सांगितलं होतं. लेकीने आईला अशी मिठी मारली की चष्मा चहात पडला. तिला रडू आलं आणि हसूही.

"पुरे," आई म्हणाली. पण संध्याकाळी तिने न सांगताच बादलीमागे डोकावून पाहिलं. सातव्या दिवशीही पाहिलं. आठव्या दिवशी सकाळी लेक उठली, तेव्हा बाथरूममधून हाक आली. आई जमिनीवर बसली होती आणि तिच्या हाताखाली पेला पालथा होता.

"ही बाई असणार. पोट बघ हिचं."

बाईच होती. मिशीत मणी सतरा.

त्या गडबडीत लेकीचं खिशातलं छोटं भिंग मात्र कुठे गेलं ते कळलं नाही. दोन दिवस शोधून तिने नवं आणलं.

चार महिन्यांनी लेख छापून आला. जागा खरी लिहिली होती: राहतं घर, तिसरा मजला, बाथरूमची मोरी. वर्तमानपत्राने तेवढंच उचललं आणि चौकटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला समोरच्या वहिनी हजर. काखेत वर्तमानपत्र. बसण्याआधी त्यांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. लेकीला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. आठ दिवसांसाठी आपण आईची चाळीस वर्षं पणाला लावली, हे तिला आत्ता नीट कळलं.

"वाचलं हो," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्या मोरीत माश्या निघाल्या म्हणे. मनाला लावून घेऊ नका. एखाद्‌दुसरी आमच्याकडेही दिसते."

आईने काजाचा टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि सुई ठेवायला शिवणाचा डबा उघडला. डब्यात रिळांच्या मधोमध लेकीचं हरवलेलं भिंग होतं.

"बघितल्या ना मी," आई म्हणाली. "परवा तुमच्याकडे हात धुवायला आत गेले होते तेव्हा. सोळाच मणी आहेत त्यांना, वहिनी. साध्या आहेत."