पान तीनशे चारपर्यंत

"एवढंच शिवा," धाकटी म्हणाली आणि पुस्तकाचा अर्धा तुकडा तिनं बापाच्या टेबलावर, खळीच्या डब्याशेजारी आपटला.

बाइंडरनं तो उलटून पाहिला. पान एक ते तीनशे चार. पुढचं काही नाही, नुसते लोंबणारे दोरे. पानाला धक्का न लावता नेमकं पानांच्या दोन जुडग्यांच्या मधून उसवलेलं. इतका साफ हात घरात एकीचाच होता. त्यानंच तो बसवला होता.

पऱ्यांच्या मालिकेचा हा पाचवा, शेवटचा भाग. आधीचे चारही त्यानं असेच पुन्हा शिवले होते. दोघी मुलींना दम म्हणून धरवायचा नाही. नवा भाग आला रे आला की त्याचे दोन तुकडे. ताई पहिल्याचा फडशा पाडणार, तो धाकटीच्या अंगावर भिरकावणार आणि दुसरा घेऊन पालथी पडणार.

"ताई, घड्याळजी मरतो का गं?"

"माझे कपडे आठवडाभर इस्त्री कर, मग सांगते."

शेवटी दोघी खिदळत दुकानात. "बाबा, खून झालाय. टाके घाला."

"पुस्तकं फाडणाऱ्या कार्ट्या बाइंडरच्याच घरी जन्माला यायच्या होत्या!" तो करवादायचा. आणि शिवून द्यायचा.

पाचव्याचा दुसरा तुकडा ताईच्या बॅगेत राहिला. आठ महिन्यांपूर्वी, भर दुपारी, ती त्या मुलाबरोबर निघाली तेव्हा बाइंडर दारात आला, त्यानं तोंड उघडलं आणि

"अर्धं पुस्तक मी शिवत नाही." बाइंडरनं तुकडा धाकटीकडे परत सरकवला.

"मग उंदरांना घालू?" धाकटी म्हणाली. "बाकीचं काही येत नाही आता."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "एवढं आहे तरी काय त्यात?"

पाच भागांत हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. धाकटीनं आधी तोंड फिरवलं. पण पऱ्यांचा विषय निघाल्यावर तिला गप्प बसवेना. स्टूल ओढून ती सांगू लागली. पऱ्यांची राजकन्या. माणसांतला घड्याळजी. भेटायची बंदी. "त्यांच्या राज्यात वेळच नसतो ना, बाबा. म्हणून ती त्याला विचारते, पाच मिनिटं म्हणजे किती? तर तो म्हणतो, तू गेल्यावर सांगतो." तिनं दोन्ही हात छातीशी धरले. "या वाक्याला आम्ही दोघी गादीवर लोळलो होतो. ताईनं तर उशी चावली होती."

"मग?"

"मग राजाला कळतं. ती वेशीपर्यंत पोचते. तो मागून येतो, तोंड उघडतो आणि पान तीनशे चार संपतं."

"बोलू दे की. बाप आहे. रागाच्या भरात बोलेल काहीतरी."

"तसं नाही ना चालत. पऱ्यांना खोटं बोलताच येत नाही. बोलतील ते खरंच होतं. तो 'मेलीस' म्हणाला, तर ती मेली."

बाइंडर ताईला म्हणाला होता, "आम्हाला तू मेलीस." सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात. धाकटी तेव्हा वरच्या पायरीवर उभी होती, हातात हाच तुकडा घेऊन.

आता ती त्याच्याकडे न बघता सुईत दोरा ओवत होती.

"माणसांचं बरं असतं," ती म्हणाली. "माणसांना खोटं बोलता येतं."

बाइंडरनं सुई घेतली. एकोणीस जुडगे शिवले. मग दोरा तोडत म्हणाला, "दुसरा तुकडा जपला असेल का गं?"

"काय माहीत. नंबर बदललाय तिनं. मलाही नाही दिला."

त्यानं पट्टी घेतली. शिवलेल्या पानांची जाडी भरली अडीच सेंटीमीटर. पुस्तकाच्या पाठीसाठी पुठ्ठ्यावर त्यानं खूण केली ती पाचावर.

"बाबा, चुकलात. दुप्पट घेतलंत."

त्यानं पुठ्ठा कापला. कापड चढवलं. शिवलेली पानं डावीकडे चिकटवली. उजवीकडे अडीच सेंटीमीटर मोकळं राहिलं. पुस्तक दाबाच्या प्रेसखाली जाण्यासारखं नव्हतं. वरचा पुठ्ठा पोकळीत खचू लागला, तसा त्यानं आपला पंजा आत सरकवला आणि पुठ्ठा तोलून धरला.

"किती वेळ धरायचं असं?"

"खळ वाळेस्तोवर. पाच मिनिटं."

धाकटीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग तिनं दुकानातली रद्दी आवरली, कात्र्या जागेवर ठेवल्या, बाहेरची पाटी आत घेतली.

त्याचा हात पुस्तकातच होता.