बर्फाची रंगीत तालीम

जॉर्जियातल्या बर्फाळ डोंगरावरच्या ट्रेकला चारच दिवस उरले होते. नवं जाकीट, बूट नि हातमोजे थंडीत कितपत टिकतात ते बघायला समिधा दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून थेट कंपनीच्या जबल अलीतल्या कोल्ड स्टोरेजमध्ये आली. मॅनेजर मॅडमला अडवणार कोण? पाठीला सॅक लावून ती मायनस बावीसमध्ये रॅकांच्या मधून झपाझप फेऱ्या मारू लागली.

अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. दाराचा खटका काही केल्या दाबता येईना, तशी ती दार बडवत ओरडू लागली. तिचा आवाज ऐकून खोकी रचणारा महादू धावत आला. तिला दंडाला धरून त्याने बाहेर काढलं आणि ब्रेकवर निघालेल्या पोरांबरोबर हीटरच्या खोलीत बसवलं.

"हात चोळू नका, मॅडम. काखेत दाबून गप बसा."

बोटं अजून पांढरीफटक होती, तेवढ्यात बाहेरून सुपरवायझर ओरडला, "यल्ला, चला, ब्रेक खलास!" सगळे उठले. महादूही हातमोजे चढवू लागला.

"महादूभाऊ, थांबा ना!" समिधा रडकुंडीला आली. "पाचच मिनिटं झालीत. माझ्या बोटांना अजून काही जाणवत नाहीये!"

महादू दारात थबकला.


"आमच्याही बोटांना नाही जाणवत, मॅडम. दहा मिनिटं लागतात. तुमच्या सहीने पाचावर यायच्या आधी ब्रेक तेवढाच होता."