ताऱ्याचा रंग

दर रविवारी दुपारी, हातोडा ऐरणीपाशी ठेवून, लोहार दूरच्या वेधशाळेत नोकरीस असलेल्या आपल्या लेकीला फोन लावीत असे. जेवलीस का, बरी आहेस ना, एवढे झाले की दोघांचेही शब्द संपत. मग तो घसा खाकरून विचारी, "बरं, लाल तारा जास्त तापलेला, की निळा?"

"बाबा, लाल त्यातल्या त्यात थंड. त्याहून पिवळा गरम, मग पांढरा, आणि निळा सगळ्यात तापलेला," असे लेक सविस्तर समजावी, आणि दहा मिनिटे सुखात जात.

शेजारच्या सुताराने एकदा टोकलेच. "अहो, चाळीस वर्षं तापल्या लोखंडाचा रंग बघून घाव घालताय. तुम्हाला एवढं कळत नाही होय?"

"कळलं म्हणालो, तर ती फोन ठेवील," लोहार म्हणाला.

या रविवारी मात्र त्याने तो प्रश्न विचारलाच नाही. कामात गढलेल्या पोरीला आपण किती पिडावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. "ठेवतो मग," तो म्हणाला.

तोच पलीकडून लेक घाईघाईने म्हणाली, "बाबा, थांबा ना. भट्टीत लोखंड आधी लाल होतं, की पांढरं?"

ज्या भट्टीच्या उजेडात ती अक्षरे गिरवायला शिकली होती, त्याच भट्टीविषयी ती विचारीत होती. लोहार स्टूल ओढून बसला, आणि अगदी पहिल्यापासून, सावकाश सांगू लागला.