दोन स्विच आणि एक कुस्ती

"अकरा तक्रारी! आठ दिवसांत अकरा!" अतुल सरांनी लॅपटॉप प्रांजलीकडं वळवला. "आणि ह्या पांढऱ्याच्या? शून्य. आता यात विचार करण्यासारखं काय राहिलं, सांग बरं. पाच वाजता ऑर्डर द्यायचीय. तोवर कोणता घ्यायचा ते लिही आणि खाली सही कर."

सर केबिनमध्ये गेले. गारखेड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या, लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीत टेबलावर दोन नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी एकत्र जोडणारे डबे, शेजारी शेजारी लुकलुकत होते. एक काळा, शहागंजातल्या दुकानदारानं दिलेला, दिसायला अगदीच ओबडधोबड. दुसरा पांढरा, चकचकीत. तो ऋतुराज नावाच्या विक्रेत्यानं स्वतः येऊन, जोडून, सेटिंग करून दिला होता. आठ दिवस दोघांना सारख्याच कामाला जुंपलं होतं.

सही करायला प्रांजलीचा हात धजेना. आधीचा स्विचही तिनंच निवडला होता. तीन महिन्यांपूर्वी तो गेला, आणि जाताना हू की चू केलं नाही. सहा तास चाळीस वेबसाइट बंद पडल्या. त्यात एक रक्तपेढीची होती. कुठल्या गटाचं रक्त आहे, विचारायला लोक फोनावर फोन करत होते आणि बिघाड कुठं आहे तेच हिला सापडत नव्हतं. पुन्हा तसं झालं तर नोकरी जाणार, हे सरांनी सांगायची गरज नव्हती. नोकरीचं एक वेळ सोडा, पण ते फोन अजून तिच्या कानातून गेले नव्हते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची आई बसली होती, बानाबाई. मेंढरांमागं जन्म घालवलेली बाई आज डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायला कन्नडहून एसटीनं आली होती. तिचं असं ऑफिसात बसणं प्रांजलीला जरा अवघड वाटत होतं, खोटं कशाला बोला. आई बोलायची ती रानात हाळी दिल्यासारखं, आणि प्रांजली ऑफिसात बोलायची ती पुस्तकातली मराठी.

"कशाची डबडी हैत गं ही?" बानाबाईनं विचारलंच.

"मॅनेज्ड स्विच आहेत, माय."

"मॅनेज?" बानाबाईनं डोळ्याला लावलेला पदर काढला. "आपल्या जत्रंतल्या कुस्तीवानी? कोण हरायचं ते आधीच ठरवल्यालं?"

प्रांजलीला हसूच फुटलं. "तसलं मॅनेज नाही गं! मॅनेज्ड म्हणजे आपल्या सांगण्यातला. साधा स्विच नुसता राबतो. हा राबतो आणि कुठली वायर कधी तुटली, कधी जोडली गेली, ते सगळं लिहूनही ठेवतो. ह्या काळ्यानं अकरा वेळा तुटल्याचं लिहिलंय. पांढऱ्यानं एकदाही नाही."

"मला काय कळतंय त्यातलं! पर जत्रंत आपल्या गावच्या पुंजारामाचा पैलवान चीत झाला, तवा समदं गाव फसलं. म्या नाय फसले."

"तुला कसं कळलं मग?"

"कसं म्हंजे? दहा मिनटं झोंबला अन् मेल्याच्या अंगाला चिमूटभर माती नाय! आगं, कुस्ती म्हणल्यावर माती लागतीच की!"

प्रांजली हसता हसता थांबली. तिनं काळ्याची नोंद पुन्हा उघडली. अकराच्या अकरा तक्रारी सात नंबरच्या वायरीबद्दल होत्या. तिनं ती वायर चाचपून पाहिली. टोकाची क्लिप तुटलेली होती, नुसता हात लागला तरी वायर हलत होती. म्हणजे काळा बिचारा खरंच सांगत होता!

मग तिला राहवेना. तीच वायर काढून तिनं पांढऱ्यात खोचली आणि हलवली. पांढऱ्याचा दिवा गेला, परत आला. नोंद कोरी. तिनं वायर उपसूनच काढली. तरी कोरी. वायर हिच्या हातात लोंबतेय आणि याच्या वहीत आपलं सगळं आलबेल!

तिनं पांढऱ्याची सेटिंग उघडली. एक पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर तळाशी सापडलं. नोंदी ठेवायचं बटणच बंद होतं. सेटिंग शेवटची बदलली होती ती ऋतुराज जोडायला आला त्या दुपारी. तिनं त्याला फोन लावला.

"मॅडम, डेमोला तेवढं बंदच ठेवतो आम्ही," तो अगदी मोकळेपणानं म्हणाला. "लाल अक्षरं दिसली की कस्टमर उगाच घाबरतो ना."

प्रांजलीनं फोन ठेवला. बटण चालू करणं एका क्षणाचं काम होतं, पण ते मुद्दाम बंद ठेवून विकणाऱ्याचा माल घ्यायला तिचं मन घेईना. मुका स्विच ती दुसऱ्यांदा गळ्यात बांधून घेणार होती आणि खाली सहीही तिचीच असणार होती. तिनं कागद ओढला, लिहिलं आणि सही ठोकली.

पाचच्या ठोक्याला सर बाहेर आले. कागद वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काळा? अकरा तक्रारीवाला? अगं, पांढरासुद्धा मॅनेज्डच आहे ना?"

प्रांजलीनं आईकडं पाहिलं. मग सरांकडं. चार वर्षांत जी बोली तिनं या दाराच्या आत येऊ दिली नव्हती, ती आपसूक तिच्या तोंडून बाहेर पडली.

"व्हय सर, पुरता मॅनेज हाय. अंगाला मातीच नाय त्याच्या."